बोटांची साक्ष

"हात किती गार आहे गं हिचा," लाईसबेट पुटपुटली. तेही हिलेगोंडला नव्हे, शेजारच्या ट्राइनच्या खांद्यात तोंड खुपसून. कळ ओसरत होती, आणि कळ ओसरताना बायका काय वाट्टेल ते बोलतात. कुणी नवऱ्याच्या सात पिढ्या उद्धरते, कुणी सकाळच्या पावाला लोणी कमी होतं म्हणून रडते. पंचवीस वर्षं सुईणपण केलेल्या हिलेगोंडने असलं सगळं ऐकून सोडून दिलं होतं. हे मात्र कानातून पुढे सरकेना. ती बाळंतखुर्चीपुढच्या बुटक्या स्टुलावर बसली होती, उजवा हात चादरीखाली, नजर वर छताच्या तुळईवर. सुईण बघत नाही, तिची बोटं बघतात. आणि हा हात तिने आत्ताच, बोटं कोमट पाण्यात बुडवून, बदामाचं तेल चोळून चादरीखाली नेला होता. कोमट पाण्यात. तिने डाव्या पायाने घंगाळ हळूच जवळ ओढलं, कुणाला दिसणार नाही अशा बेताने वाकली आणि डावं कोपर पाण्यात टेकवलं. पाणी कालव्यातल्यासारखं गार होतं. चुलीवरची किटली तिथेच वाफाळत होती. ट्राइनकडून ती घंगाळात ओतायचीच राहिली होती. हिलेगोंडने "ऊन पाणी ठेव" म्हटलं होतं, म्हणून ते ऊन आहे असं धरून तिने त्यात बोटांची पेरं बुडवली होती, चांगली चोळली होती आणि, देवा, "छान आहे" असंही म्हटलं होतं.

हिलेगोंडचा हात गार. हार्लेम गावात हे कुणी ऐकलं असतं तर हसलं असतं. तिच्या हातांच्या उबेबद्दल बायका एकमेकींना सांगत. कापड ताकात बुडवून पांढरं करायच्या मैदानांवर पिंपात हात घालणाऱ्या पोरींपासून ते स्पार्नेकाठच्या उंच घरांतल्या बायकांपर्यंत. 'तिने नुसता पोटावर हात ठेवला की अर्धं दुखणं जातं.' तिला स्वतःला त्यात काही करामत वाटली नव्हती. हात होते, ऊन होते, जसे कुणाचे डोळे निळे असतात. गेली दोन वर्षं मात्र ती ते हात दुसऱ्या कुणाचे तरी उसने आणल्यासारखी वापरत होती, सांभाळून, कुठे आपटू नयेत म्हणून.

खिडकीशी डॉक्टर एव्हरार्ड उभे होते, खोलीकडे पाठ करून. गावचा नियमच तसा होता. पाणमोट फुटल्यावर दिवस उलटला आणि बाई मोकळी झाली नाही, तर सुईणीने शहराच्या डॉक्टरला बोलवायचं, डॉक्टरने यायचं, खिडकीपाशी उभं राहायचं, विचारायचं, सुईणीने सांगायचं, आणि त्यावर डॉक्टरने निर्णय द्यायचा. हात लावायचा नाही, बघायचं नाही. हार्लेममधल्या खिडक्यांतून स्पार्ने नदी जितक्या ठिकाणांहून डॉक्टर एव्हरार्डनी पाहिली होती तितकी एखाद्या नावाड्यानेही पाहिली नसेल. मनुष्य वाईट नव्हता. चाळिशीच्या अलीकडचा, उतरत्या खांद्यांचा, बोलताना कफाची लेस ओढत राहायची सवय. मंगळवारी शहराची शपथ घेतलेल्या सगळ्या सुईणींना बसवून तो चामड्याचं गर्भाशय आणि चिंध्यांचं मूल घेऊन शिकवत असे, आणि ज्या गोष्टी हिलेगोंडच्या बोटांना वर्षानुवर्षं ठाऊक होत्या त्यांची लॅटिन नावं सांगत असे. ते चिंध्यांचं मूल त्याने इतकं मायेने हातात धरलेलं असे की हिलेगोंडला हसू येई आणि मग हसू आल्याचं वाईट वाटे.

"सुईणबाई, काही प्रगती?" त्यांनी नदीला विचारलं.

"थोडी," हिलेगोंड म्हणाली.

खाली स्वयंपाकघरात खुर्ची करकरली. तिथे आकडेवाला बसला होता. त्याला एक नाव होतं, शस्त्रवैद्यांच्या संघात मानही होता, पण त्याच्या पिशवीतल्या लोखंडी आकड्यावरून बायकांत त्याला आकडेवालाच म्हणत. त्याला सकाळीच बोलावून ठेवलं होतं, लाईसबेटच्या सासूने, वेंडेलने. 'असू दे खाली, बिअर पीत बसेल, काय बिघडलं?' असं म्हणत. पण जिन्यावरून खाली जाताना ती भिंतीला हात लावून गेली होती. आकडेवाला स्वतःहून कधी वर येत नाही. डॉक्टर म्हणेल तेव्हा येतो. डॉक्टर सुईण म्हणेल तेव्हा म्हणतो. सुईण तिची बोटं म्हणतील ते म्हणते. म्हणजे सगळ्या घराचा भार, खालच्या मजल्यापासून वरपर्यंत, शेवटी येऊन टेकत होता तो दोन बोटांच्या पेरांवर, आणि ती पेरं दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीपासून मुकी होती.

त्या जानेवारीत मोठं सरोवर गोठलं होतं. पलीकडच्या काठावर जळणाची पीट-माती खणणाऱ्या एकाची बायको अडली होती, आणि होडी नाही, गाडी नाही. म्हणून हिलेगोंडने बाळंतखुर्ची ढकलगाडीला बांधली आणि दोर हाताला गुंडाळून बर्फावरून ओढत निघाली. अर्ध्या वाटेत एक हातमोजा कुठे पडला कळलं नाही. दुसरा तिने काढून उजव्या हातात घातला, मग डाव्यात, मग पुन्हा उजव्यात. दोर हातात रुतत होता आणि मग एकदम दुखायचा थांबला, आणि तिला वाटलं, चला, सवय झाली. दोन जुळ्या मुली झाल्या त्या झोपडीत, दोघी ठणठणीत, एक जन्मतःच रागावलेली. सगळं आटोपल्यावर पीटवाल्याने तिचे हात दिव्याजवळ धरले आणि म्हणाला, "बाई, मेणबत्त्या झाल्यात गं तुझ्या बोटांच्या." तीन दिवसांनी रंग परत आला. तळवा परत आला, सांधे परत आले, मनगट तर गेलंच नव्हतं. पेरं तेवढी आली नाहीत. त्यांच्यावर कुणी कापसाच्या टोप्या घातल्यासारखं झालं. हिलेगोंड रोज सकाळी उठून बोटं अंगठ्याला एकेक लावून बघायची: आज? आज नाही. उद्या.

माणूस काय काय शिकतं. ती बटणं बघून लावू लागली. ताग आणि लोकर ओठाला लावून ओळखू लागली. दुकानदाराला वाटायचं, वास घेते. बाळाच्या अंघोळीचं पाणी कोपराने बघू लागली, आणि गंमत अशी की गावातल्या तरुण सुईणींना वाटलं हीच खरी जाणत्या सुईणीची रीत असणार. वर्षभरात सगळ्याजणी बाही वर करून कोपरं बुडवू लागल्या. सोप्या बाळंतपणांना बोटं फारशी लागतच नाहीत. दहातली नऊ मुलं आपापली वाट शोधत येतात, सुईणीने फक्त मध्ये येऊ नये. ती मध्ये येत नव्हती. तिची कीर्ती उलट वाढली होती. आणि कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर सांगितलं असतं, असं ती स्वतःला सांगे. रोज सांगे.

पुढची कळ आली. लाईसबेट खुर्चीच्या दांड्यांना लटकली, आणि तिच्या पाठीमागे बसलेल्या वेंडेलने तिला काखेतून आवळून धरलं. वेंडेल हिलेगोंडच्याच वयाची, एकाच गल्लीत वाढलेली. "दम सोड," ती सुनेला सांगत होती, "दम कोंडून काय करणार आहेस, विकायचा आहे का?" ट्राइनने गादीखाली काहीतरी सरकवलं. वेंडेल नव्या धर्माची, ट्राइन जुन्या, संतांना मानणाऱ्या. तिच्याकडे कुठल्याशा संतिणीच्या कमरेचा पट्टा होता म्हणे. वेंडेलने बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. एरवी तिने त्यावरून आठवडाभर टोमणे मारले असते. आज ती म्हणाली, "नीट सरकव, चुरगळेल." त्या एका वाक्यावरून हिलेगोंडला कळलं, वेंडेल किती घाबरली आहे.

कळीच्या टोकाला चादरीखाली काहीतरी बदललं. पोट तिरकं झालं. तळव्याला ते कळलं, कारण तळवा अजून तिचा होता: डोकं खाली नव्हतं, कुशीला होतं. मूल आडवं. आणि आत गेलेल्या हाताच्या बोटांवरून, दुसऱ्या सांध्यापाशी, काहीतरी घसरलं. ओल्या दोरीसारखं. सांध्याला कळलं तेवढंच. नाळ. मुलाच्या आधी नाळ येऊन बसली होती. ती आत होती, दोन बोटांच्या अंतरावर. ओठ लावता येणार नाही, कोपर लावता येणार नाही, तिच्या सगळ्या शिकलेल्या लबाड्या इथे संपत होत्या.

"सुईणबाई?" डॉक्टरांना पाठीने कळलं असावं. "काय झालं?"

"आडवं आहे. नाळ पुढे आलीय."

खोलीतल्या सगळ्यांनी एकदम श्वास घेतला. जणू कळ सगळ्यांना आली. कारण हेच. अगदी हेच. दोन वर्षांपूर्वी, फेब्रुवारीत, याच खोलीत, याच खुर्चीवर. वेंडेल पाठीशी, ट्राइन बाजूला, डॉक्टर खिडकीत, आकडेवाला खाली. नियतीला नवीन माणसं जमवायचाही कंटाळा आला होता.

"ठोका?" डॉक्टरांनी विचारलं.

ठोका असेल तर मूल जिवंत. मग हात आत घालून पाय शोधायचे, मूल वळवायचं, पायांनी ओढायचं, आणि ते चटकन, नाळ दाबली जाण्याआधी. वळवताना आई फाटू शकते, मरू शकते. पण जिवंत मुलासाठी ते करायचं असतं. ठोका नसेल तर मूल मेलेलं. मग आईला त्या धोक्यात घालायचं नाही. मग जिन्यावरून आकडेवाला वर येतो, आणि मूल येईल तसं, तुकड्याने का होईना, काढून आई वाचवतो. म्हणून प्रश्न छोटा असतो. एक शब्द. काही वर्षांपूर्वी शहराने जुन्या सुईणींचीही परीक्षा घेतली तेव्हा डॉक्टर एव्हरार्डनीच तिला विचारलं होतं, मेलेल्या मुलाची लक्षणं सांगा, आणि तिने एका दमात बारा सांगितली होती, तेव्हा ते खूश झाले होते. आणि शेवटी तिने म्हटलं होतं, "पण खरं लक्षण एकच साहेब, नाळेत कळतं." तेव्हा त्यांनी स्वतःच्या बोटांकडे बघितलं होतं. तिने पाहिलं होतं ते.

नाळ धरून सुईण प्रार्थना म्हणते मनातल्या मनात, पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत, कारण कधी कधी ठोका चुकतो, थांबतो, पुन्हा येतो. एका प्रार्थनेइतकी वाट बघायची, घाई करायची नाही. दोन वर्षांपूर्वी तिने पूर्ण म्हटली होती. आमेनपर्यंत. बोटांत काही नव्हतं. बोटांत काही नव्हतं हे खरंच होतं. तिने खोटं सांगितलं नव्हतं. "नाही," ती म्हणाली होती. डॉक्टरांनी दुसऱ्यांदा विचारलं होतं, "खात्री?" आणि तेव्हा, त्या दुसऱ्या प्रश्नाच्या वेळी, तिला क्षणभर तो दोर आठवला होता, बर्फावरचा, दुखायचा थांबलेला. बोटं बरी होत आली आहेत, तिने स्वतःला सांगितलं होतं. कालच सुई टोचली तेव्हा कळली होती. (सुई दिसली होती. कळली नव्हती.) "खात्री," ती म्हणाली होती. मग आकडेवाला वर आला, बाही दुमडत, जिना मोजत. लाईसबेटला तेव्हा शुद्ध नव्हती. जे बाहेर आलं त्याकडे बघायचं नसतं, पण सगळ्यांनी बघितलं. एक पाय होता, चांगला भरलेला, कुणाचाही असतो तसा. आणि त्याची बोटं आवळली. आणि सुटली.

तेवढंच. चिमणी पंख मिटते तेवढ्या वेळात. वेंडेल वळली आणि चुलीतली राख उकरू लागली. ट्राइनने कापड टाकलं, भराभरा गुंडाळलं, तिचे हात इतके चपळ कधीच चालले नव्हते. आकडेवाल्याने आकडा पुसला आणि बिअर मागितली. डॉक्टर त्या दिवशी एकदाच खिडकीकडून वळले होते, नेमके तेव्हाच, आणि म्हणाले, "मेल्यावरही स्नायू आखडतात. ग्रंथांत आहे." ते वाक्य सगळ्यांनी दोन्ही हातांनी घट्ट पकडलं. पाण्यात बुडणाऱ्यांनी फळी पकडावी तसं. तेव्हापासून ते गल्लीत फिरतंय: स्नायू आखडतात, ग्रंथांत आहे. हिलेगोंडने ते बाजारात हेरिंगच्या गाड्यापाशी ऐकलं होतं, एका कोळणीच्या तोंडून. आणि वेंडेलने दारावर लावायची ती फळी, तांबड्या रेशमावर लेस ताणून बसवलेली, घरात मूल झालं की हार्लेममध्ये दाराला लावतात ती, जिची लेस तिने महिनाभर बसून स्वतः विणली होती, ती पेटीत तळाशी ठेवली आणि वर हिवाळ्याचे कपडे रचले.

यानंतर लाईसबेट तिला बोलावणार नाही असं हिलेगोंडला वाटलं होतं. वाटलं होतं म्हणजे आशा होती. गावात आणखी सुईणी आहेत. पण पोट दिसू लागलं त्याच आठवड्यात तिचा नवरा फ्लोरिस टोपी हातात धरून दारात आला: "ती म्हणते, हिलेमावशीच हवी. दुसरी कुणी नको." हिलेगोंडने हो म्हटलं, आणि रात्रभर तिने त्या 'हिलेमावशीच'वर विचार केला. माफी होती ती, की समन्स? तेव्हापासून ती तपासायला जायची तेव्हा लाईसबेट तिच्या तोंडाकडे न बघता हातांकडे बघायची. एकदाही पहिल्या बाळाचा विषय काढला नाही. कुणीच काढला नाही. घरात खुर्चीवर बसलेल्या, पण कुणी नाव न घेणाऱ्या पाहुण्यासारखा तो विषय सगळ्यांबरोबर जेवत होता.

"सुईणबाई! ठोका?"

तिने प्रार्थना सुरू केली होती. बोटं नाळेवर होती. होती असं सांध्यांवरून वाटत होतं. आत, त्या ओल्या उबेत, काही नव्हतं. कापूस होता. ती 'आमची रोजची भाकरी आज आम्हाला दे' या ओळीपर्यंत आली. तिला वाटलं काहीतरी हललं. मग वाटलं, हलावं असं आपल्याला वाटतंय. ठोका आहे म्हणाले आणि मूल मेलेलं असलं, तर मेलेल्या मुलासाठी ही पोर फाडायची. नाही म्हणाले आणि ते जिवंत असलं. खाली लोखंडावर लोखंड वाजलं. आकडेवाला पिशवी आवरत होता, किंवा उघडत होता. वेंडेल सुनेच्या डोक्यावरून हिलेगोंडकडे बघत होती आणि तिच्या नजरेत विनवणी होती, पण कसली? काहीही सांग, पण पटकन सांग. गेल्या वेळेसारखं सांग. ते सोपं होतं. आपण सगळ्यांनी ते निभावलं. पुन्हा निभावू.

आमेनच्या आधी, तीन ओळी शिल्लक असताना, हिलेगोंड थांबली.

"डॉक्टरसाहेब, इकडे या."

"मी ऐकतोय इथून."

"ऐकून भागायचं नाही. हात धुऊन या. किटलीतलं पाणी घ्या, घंगाळातलं नको."

त्यांची पाठ ताठ झाली. "सुईणबाई, तुम्हाला नियम—"

"मला कळत नाहीये," हिलेगोंड म्हणाली. आवाज तिला अपेक्षेपेक्षा साधा आला. "माझ्या बोटांना कळत नाही. नाळ हातात आहे आणि ठोका आहे की नाही ते मला कळत नाही. मेलीत ती बोटं. तुमची लागतील."

वेंडेल म्हणाली, "हिले, ही काय थट्टेची वेळ आहे?" मग तिने हिलेगोंडचं तोंड पाहिलं. "पण पुरुषाचा हात... माझ्या घरात..."

"आणा त्यांना इकडे!" लाईसबेट ओरडली. "हात पुरुषाचा असो, बिशपचा असो, गाढवाचा असो! आणा!"

डॉक्टर एव्हरार्ड वळले. खिडकीपासून खुर्चीपर्यंत सात पावलं होती, आणि ते ती अनोळखी गावात चालावं तसे चालले. अंगठी काढताना ती हातातून पडली आणि घरंगळत ट्राइनच्या पायापाशी गेली. ट्राइनने ती उचलून चटकन स्वतःच्याच बोटात घातली, ठेवायला दुसरी जागा सुचेना म्हणून. कफ वर सारले. गुडघ्यावर बसले. त्यांचे हात ऊन होते; लाईसबेटने डोळे मिटून म्हटलं, "हा ऊन आहे." हिलेगोंडने तिचा तेलकट हात त्यांच्या हातावर ठेवला आणि आंधळ्याला जिन्यावरून न्यावं तसा तो आत नेला. "घाबरू नका. चामड्याचं नाहीये, एवढंच. आता डावीकडे. ओल्या दोरीसारखं लागलं? पिळदार?"

"हो." त्यांच्या कपाळावर घाम होता. "हो, लागलं."

"दाबू नका. मासोळी धरतात तशी धरा, मारायची नाही अशी. आता गप्प राहा."

मोठ्या चर्चची घंटा वाजू लागली, दुपारची, आणि प्रत्येक टोल्याला डॉक्टरांचा चेहरा आवळत होता, कारण त्यांना दुसरं काही मोजता येत नव्हतं. घंटा थांबली.

"आहे," ते म्हणाले. मग लगेच, लहान मुलासारखे, "की माझाच असेल? माझ्याच बोटातला?"

असं विचारेल असा डॉक्टर तिने आजवर पाहिला नव्हता. "दुसरा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवा. दोन्ही एक आहेत का?"

त्यांनी ठेवला. ओठ हलत होते. "नाही. नाही, हा... हा दुप्पट पळतोय. सुईणबाई, हा पळतोय!"

"मग बाजूला व्हा," हिलेगोंड म्हणाली.

पुढचं बोटांचं काम नव्हतं. मनगटाचं होतं, कोपराचं, खांद्याचं, आणि ते सगळे अजून तिचे होते. तिने वेंडेलला सांगितलं, घट्ट धर. लाईसबेटला सांगितलं, ओरड, लाजू नकोस, शेजाऱ्यांना काय करायचंय. कळीच्या मधल्या उसंतीत ती आत गेली, कळ आली की तशीच थांबली, कळ तिचं मनगट चिरडत असताना दात आवळून. हात कुठला नि पाय कुठला हे पेरांना सांगता येत नव्हतं. पण टाच ही बोटाच्या आकड्यात अडकते, हात निसटतो. ते सांध्याला कळतं. पहिल्यांदा निसटलं. दुसऱ्यांदा निसटलं. लाईसबेटचा आवाज आता माणसाचा राहिला नव्हता. तिसऱ्यांदा अडकलं. हिलेगोंडने बाहेरून डाव्या तळव्याने डोकं वर लोटलं आणि आतून टाच खाली घेतली. आणि ते एवढंसं वजन तिच्या दोन्ही हातांमध्ये हळूच फिरलं, झोपेत कूस बदलतं तसं.

पाय आले. कंबर आली. मग हात, एकेक. मग डोकं अडलं, क्षणभर, प्रार्थनेच्या अर्ध्या ओळीइतकं, आणि सुटलं.

मुलगी होती. निळसर, गप्प. हिलेगोंडने तिला पालथं धरलं, तोंडातलं ओठाने ओढून थुंकलं, पाठीवर तळवा चोळला. काही नाही. ट्राइन उघडउघड संतिणीचं नाव घेत होती आणि वेंडेलही तिच्यामागून घेत होती, धर्म विसरून. मग मुलीने एक वाकडं तोंड केलं, जणू हे घर तिला पसंत नव्हतं, आणि रडली.

खाली खुर्ची मागे सरकली. बाहेरचं दार उघडलं, मिटलं. आकडेवाला कुणी न सांगता गेला. मग नंतर ट्राइनने पाहिलं तर बिअरचा मग तेवढा रिकामा होता.

त्यानंतर खोलीत जी गडबड उडाली तिच्यात सगळ्यांना काही ना काही करायचं होतं. वार पडली, नीट, अख्खी. डॉक्टरांनी ती स्वतः तपासली आणि कुणी त्यांना खिडकीकडे जा म्हटलं नाही. वेंडेल पेटीशी गेली, हिवाळ्याचे कपडे भराभर बाहेर फेकले आणि तळातून ती लेसची फळी काढली. दोन वर्षांत रेशीम जरा विटलं होतं. मुलगी म्हणून लेसमागे पांढरा कागद घालायचा असतो, तो सापडेना, तेव्हा डॉक्टरांनी त्यांच्या वहीतलं एक कोरं पान फाडून दिलं. चुलीवर अंडं, वाइन आणि दालचिनी घातलेलं बाळंतिणीचं पेय, कांदेल, उकळायला लागलं. ट्राइन म्हणाली, अंगठी घ्या साहेब, आणि सगळे मोठ्याने हसले, गरजेपेक्षा जास्त मोठ्याने. "हिलेचे हात ते हिलेचेच हात," वेंडेल म्हणाली. "मी काय म्हणते, मघाशी ती घाबरली होती एवढंच. कुणीही घाबरेल. बोटं काय, थंडीत सगळ्यांचीच आखडतात." डॉक्टर कफ खाली ओढत म्हणाले, "अगदी. मी तसंच लिहीन. सुईणीने योग्य वेळी सल्ला घेतला." पुन्हा तेच फळकुट पाण्यावर तरंगायला लागलं होतं, आणि सगळे आपापला हात त्याच्याकडे नेत होते, हिलेगोंडसाठीही जागा ठेवून. ती बाळाला गुंडाळत होती. कापड लोकरीचं होतं की तागाचं, तिला ठाऊक नव्हतं.

तिने बाळ लाईसबेटच्या छातीशी दिलं. लाईसबेटने बाळाकडे पाहिलं, खूप वेळ. मग गुंडाळीतून एक पाय बाहेर काढला. त्याची बोटं आवळली, आणि सुटली. लाईसबेट ती बघत राहिली. मग तिने हिलेगोंडच्या हातांकडे पाहिलं, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, वर, तिच्या तोंडाकडे.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"अगं, आधी कांदेल घे, गरम आहे तोवर," वेंडेल म्हणाली.

"दमलीय ती," ट्राइन म्हणाली.

डॉक्टर खिडकीकडे वळले. सात पावलं चालून गेले, आणि नदीकडे बघत म्हणाले, "स्नायूंचं असं असतं की—"

"मावशी, कधीपासून?"

हिलेगोंड स्टुलावर बसली. दोन्ही हात तिने मांडीवर ठेवले, तळवे वर, जसे ती बाळंतिणींना ठेवायला सांगत असे, सगळं संपल्यावर.

"सरोवर गोठलं त्या जानेवारीपासून," ती म्हणाली. "तुझ्या पहिल्याच्या आधी पाच आठवडे. तो जिवंत होता, लाईसबेट. मी मेलाय म्हटलं, म्हणून त्याला मारला."